सगळ्यांनी पाचच दिले

काळजी करणं ही माझी खरी नोकरी आणि प्राध्यापकी हा जोडधंदा, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. लोक हसतात, मीही हसते, कारण त्यात खोटं फार नाही. गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी रायपूरच्या शंकर नगर चौकातून घरी परत गेलेली बाई आहे, आणि तेही एकदा नव्हे. त्यामुळे विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाचं परिपत्रक आलं आणि आमच्या भूगोल विभागाच्या सर्वेक्षणाची प्रभारी म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा तो पोहे खाता खाता म्हणाला, "बरोबर माणूस पकडला त्यांनी. आता साऱ्या विभागाची काळजी तू एकटीच करत बस."

परिपत्रकाचा विषय होता कार्यसंस्कृती. प्रत्येक विभागानं आपल्या माणसांना विचारायचं की इथे काम करताना कसं वाटतं, तुमचं कोणी ऐकतं का, केलेल्या कामाचं श्रेय मिळतं का. उत्तरं निनावी घ्यायची. मग विभागाच्या बैठकीत निकाल मांडायचा, काय सुधारणार ते ठरवायचं आणि तसा अहवाल कक्षाकडे पाठवायचा. आमच्याकडे अशा परिपत्रकांची एक ठरलेली वाट असते. कार्यालयातले बड़े बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मागच्या वर्षीचा अहवाल काढतात, साल बदलतात, प्रमुखांची सही घेतात आणि कागद रवाना. पण यंदा सर्वेक्षण नवीन होतं, मागच्या वर्षीचं काही नव्हतंच, आणि प्रभारी मी होते. मला एखादं काम दिलं की ते मी नीट करते, आणि ते नीट होईल की नाही या विचारानं अर्धमेली होते. दोन्ही एकाच वेळी चालतं.

पहिली झटापट प्रमुखांशी झाली. फॉर्म ऑनलाइन होता, फोनवर भरायचा. मी त्यात नाव विचारलं नव्हतं, हुद्दा नाही, ईमेल नाही, काही नाही. सरांना ते रुचलं नाही. "मॅडम, परिवार में क्या छुपाना?" ते म्हणाले.

आमच्या सरांबद्दल वाईट बोलायला मला जड जातं. निवृत्तीला आलेला, मऊ बोलणारा माणूस. विभागात कोणी आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात जाऊन बसणारे, बागेतल्या पेरूंची पिशवी घेऊन येणारे. विभाग म्हणजे परिवार, हे त्यांच्या तोंडी वाक्य नव्हतं, त्यांची तशी खरोखरच श्रद्धा होती. म्हणूनच भीती. ते रागावत नसत, दुखावले जात. राग संध्याकाळपर्यंत उतरतो. त्यांचं दुखणं वर्षभर चाले, आणि ज्याच्यामुळे दुखावले त्याच्या कागदांना तेवढा काळ सही मिळत नसे. मुद्दाम नव्हे, त्यांना तो कागद समोर दिसायचाच नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. नावाचा रकाना असेल तर खरं कोण लिहील, असं मी दहादा समजावलं. शेवटी ते "ठीक है, आप जैसा समझें" म्हणाले. उत्तरं पाहायची सोय मात्र त्यांनाही द्यायची होती, कक्षाचाच तसा नियम होता. मी सगळ्यांना निरोप पाठवला: मोकळेपणानं लिहा, कोणी काय लिहिलं हे कोणालाही कळणार नाही. हे वाक्य मी स्वतः लिहिलं. पुढे आठवडाभर त्यानं माझा पिच्छा सोडला नाही.

इथे एका मुलीबद्दल सांगायला हवं. मुलगी म्हणते, तशी तिशी ओलांडलेली, पण माझ्यापुढे मुलगीच. आमच्याकडे ती अतिथी व्याख्याता होती. अतिथी म्हणायचं आणि घरच्यापेक्षा जास्त राबवून घ्यायचं, अशी ती जागा. सत्र संपलं की नेमणूक संपते. पुढच्या सत्रासाठी विभागप्रमुखांनी 'कार्य समाधानकारक' असं लिहून दिलं तरच नवीन पत्र येतं. नाही लिहिलं तर कोणी काढून टाकत नाही, नुसतं पत्र येत नाही. ती शहराच्या कडेच्या बीरगांवहून यायची. वडील भंडाऱ्याकडून उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला आले होते, पाठ गेली तेव्हापासून घरीच होते. मागे दोन भावंडं शिकत होती. त्या घराची सगळी नजर दरवर्षी त्या एका पत्राकडे असायची.

मला ती ताई म्हणायची आणि माझ्याशी मराठी बोलायची, आमच्या घरात बोलतात तसलीच. माझा स्वतःचा मुलगा मी मराठीत हाक मारली की "हाँ मम्मी" म्हणतो, त्यामुळे विभागात कोणी "ताई, चहा घेऊन राहिल्या काय?" असं विचारलं की मला फार बरं वाटायचं. तिचं काम तर सगळ्या विभागाला ठाऊक होतं. आमच्या विभागानं रायपूरच्या तलावांचा एक ॲटलास काढला होता. शहरातले, पार बुजून वस्ती झालेलेसुद्धा, सगळे तलाव त्यात नकाशांवर आहेत. ते नकाशे तिनं केले. भर उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यात फिरली, म्हाताऱ्या लोकांना विचारून विचारून बुजलेल्या तलावांच्या कडा शोधल्या. ॲटलास छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर सरांचं नाव होतं, त्याखाली आमच्या वरिष्ठ प्राध्यापकांचं, आणि आत बारीक अक्षरांत 'विभाग के सहयोगी'. प्रकाशन थाटात झालं. ती मागे पाहुण्यांचे हार सांभाळत उभी होती.

सर्वेक्षण भरायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. त्या दिवशी मी मुद्दाम विभागात गेले नाही. प्रभारी समोर असली की लोक दबतात, असं माझं शास्त्र. स्वतः फॉर्मही भरला नाही. ज्यानं विचारायचं त्यानं उत्तर देऊ नये, असं मनाशी ठरवलं होतं, पण ते कोणाला बोलले नव्हते. ती मुलगी त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत प्रात्यक्षिक परीक्षेवर होती.

शनिवारी सकाळी मी डबा करत होते, तेव्हा बड़े बाबूंचा फोन आला. आवाजात लग्न पार पाडल्याचा आनंद.

"मॅडम, आप बिल्कुल टेंशन मत लीजिए। सबका भरवा दिया। सब एक जैसा।"

"एक जैसा मतलब?"

"हव! स्टाफ रूम में सबको बिठाया, समोसा मँगवाया, मैं सवाल पढ़ता गया, सब पाँच लगाते गए। विभाग की इज्जत का सवाल है ना।"

मी कढईखालचा गॅस बंद केला. त्या माणसाचा काही दोष नव्हता. आमच्याकडे सगळे फॉर्म असेच भरतात. निवडणुकीच्या ड्यूटीचा असो, आयकराचा असो, मुलांच्या प्रवेशाचा असो, एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे 'इसमें क्या लिखना है' विचारत त्याच्यासारखं लिहितात. एकटं बसून फॉर्म भरणं म्हणजे काहीतरी लपवणं, असं इथे वाटतं. हे मला इतकी वर्षं समोर दिसत होतं आणि तरी मला ते सुचलं नाही. मी नाव पुसलं, ईमेल पुसला, आणि समोशांचा विचारच केला नाही.

लॅपटॉप उघडला. निकालाची रंगीत वर्तुळं आली, प्रत्येक प्रश्नाला एक. सगळं वर्तुळ हिरवं, पाचपैकी पाच, आणि कडेला तांबडी बारीकशी फोड. पुढच्या प्रश्नालाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. थालीपीठाचा कोणीतरी एक तुकडा मोडून खाल्लाय असं. शेवटी मोकळा प्रश्न होता: विभागात एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती? खाली एकाखाली एक तेच वाक्य, बड़े बाबूंनी सांगितलेलं, 'विभाग में पारिवारिक वातावरण है, कुछ बदलने की आवश्यकता नहीं।' आणि त्या रांगेत एकच उत्तर वेगळं. हिंदीतच लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: ज्यानं काम केलं त्याचं त्यावर नाव असावं. एवढंच.

मी बोटांवर माणसं मोजली. स्टाफ रूममध्ये बसून न भरलेली माणसं दोन. मी आणि ती. हे मला कळलं म्हणजे विभागातल्या कोणालाही कळणार. बाकीच्यांनी खरं लिहिलं असतं, चार जणांनी चार तक्रारी केल्या असत्या, तर हे वाक्य त्यांत मिसळून गेलं असतं. सगळ्यांनी पाच दिले, म्हणून ते एकटं उघडं पडलं. आणि तिच्या पुढच्या वर्षाच्या पत्राची फाइल त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर गेली होती.

"उडवून टाक ना," नवरा म्हणाला. तो मंत्रालयात आहे, नव्या रायपूरला, रोज त्या रुंद रिकाम्या रस्त्यावरून जातो आणि सगळ्या प्रश्नांना तसलीच रुंद उत्तरं देतो. "एक एंट्री कमी झाली तं कोणाले समजते?"

"तुमच्या मंत्रालयात चालत असेल असं."

"मंग बस काळजी करत."

मी त्याच्यावर चिडले खरी, पण लॅपटॉपकडे परत गेले. उत्तर पुसायचं बटण कुठे असतं ते शोधलं. ते सापडलं. तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं आणि ते वाक्य मी पुसणार होते, तिच्याच भल्यासाठी. हात पुढे जाईना. तेवढ्यात सरांचा फोन आला. त्यांनीही निकाल उघडून पाहिला होता.

"मॅडम, एक सज्जन को बहुत तकलीफ़ है लगता है," ते म्हणाले. आवाज बसलेला. "मंगलवार की मीटिंग में स्क्रीन पर दिखाइए। खुलकर बात करेंगे। परिवार है।"

रविवार मी कसा काढला विचारू नका. मुलगा म्हणाला, मम्मी, तुमने चाय में नमक डाला है. सोमवारी विभागात पाऊल टाकलं तर जिन्याजवळच वरिष्ठ प्राध्यापक भेटले, ॲटलासवर ज्यांचं दुसरं नाव होतं ते. पानाचा विडा गालात सरकवून म्हणाले, "देखा आपने? अच्छी-खासी रिपोर्ट में कंकड़।" मग नकाशांच्या खोलीकडे मानेनं खुणावलं आणि हसले. म्हणजे पोचलं होतं सगळीकडे.

नकाशांच्या खोलीत ती टेबलावर वाकून भिंतीवरून काढलेल्या मोठ्या नकाशाची फाटलेली कड कापडाच्या पट्टीनं चिकटवत होती. मी आत गेले खरी. विचारायचं काय? 'ते तू लिहिलंस का' असं विचारलं की मी दिलेला शब्द मीच मोडला. नाही विचारलं तर तिला सावध कसं करू?

"उद्याच्या बैठकीला येशील ना?" मी म्हटलं.

"येईन न ताई. काहून?"

"काही नाही. अशीच. तब्येत बरी नसली तर नको येऊ. ऊन किती तापून राहिलं."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोटाला खळ लागली होती. "मले काय धाड भरली? तुम्हीच सुकल्यासारख्या दिसून राहिल्या." मग पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "ताई, सर्वे चांगला होता तुमचा. इतक्या वर्षांत कोणी काही विचारलंच नव्हतं."

 मी "हो का" म्हटलं आणि बाहेर पडले. तिला समोशांचं काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी आपापलं खरं लिहिलं असणार, त्यात आपलंही एक, अशा विश्वासात ती नकाशा चिकटवत होती. बाहेर व्हरांड्यात उभी राहून मी देवाला म्हटलं की उद्या वीज जाऊ दे, प्रोजेक्टर बंद पडू दे.

वीज गेली नाही. मंगळवारी सगळे सरांच्या मोठ्या खोलीत जमले. कायम नोकरीवाले टेबलाभोवती, अतिथी मंडळी दाराजवळच्या बाकावर. कोणी कोणाला असं बसवलेलं नाही, पण वर्षानुवर्षं तसंच बसतात. पडद्यावर माझी हिरवी वर्तुळं एकामागून एक आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी भराभर पुढे ढकलत होते, जणू भराभर गेलं तर ती तांबडी फोड कोणाला दिसणार नाही. शेवटच्या प्रश्नावर सरांनी हात वर केला.

"इसको रोकिए।"

ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे खरोखर लाल झाले होते. "मैं नाराज़ नहीं हूँ," ते म्हणाले. "बस इतना पता चल जाए कि किसको तकलीफ़ है। पता चलेगा तभी तो दूर करेंगे।"

खोटं बोलत नव्हते ते, आणि खरी अडचण तीच होती. त्यांना खरंच तक्रार दूर करायची होती, फक्त त्याआधी माणूस हवा होता. वरिष्ठ प्राध्यापक छताकडे पाहत म्हणाले, ॲटलासवर नाव कोणाचं राहिलंय? 'विभाग के सहयोगी' लिहिलंय की, त्यात सगळे आले. एकेक मान दाराजवळच्या बाकाकडे वळायला लागली. सावकाश, सहज पाहिल्यासारखी, पण वळली. ती अजून पडद्याकडे बघत होती. एकाखाली एक तेच वाक्य वाचून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तिला आत्ता कळत होतं. सरांच्या कोपराजवळ फायलींचा गठ्ठा होता आणि तिची फाइल त्यात होती, बड़े बाबूंनीच सकाळी मला तसं सांगितलं होतं.

 आणि मी बोलले.

"सर, वह मैंने लिखा है।"

खोलीत सुस्कारा सुटला. खरंच सुटला, पंख्याच्या आवाजातही ऐकू आला. त्या दिवशी स्टाफ रूममध्ये मीही नव्हते, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. आणि सर? त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, मग खुलला. त्यांना दुखवणारं माणूस दाराजवळच्या बाकावरचं नव्हतं, त्यांच्या शेजारच्या खुर्चीतलं होतं. कायम नोकरीतल्या, आपल्या मुलाच्या मुंजीला त्यांना घरी बोलावणाऱ्या मॅडम. घरातलंच रुसणं ते.

"अरे मॅडम! आप भी ना!" ते हसले. "मुझे सीधे बोल देतीं।" मग बड़े बाबूंकडे वळून म्हणाले, "लिखिए बाबू। एटलस के दूसरे संस्करण में मॅडम का नाम जोड़ा जाएगा। यही हमारा सुधार।"

टाळ्या वाजल्या. बाबूंनी लिहायला घेतलं. वरिष्ठ प्राध्यापक म्हणाले की सर्वेक्षणाचा हाच तर फायदा असतो. मला आधी कळेचना काय झालं. मी एवढंच पाहत होते की माना बाकाकडून परत फिरल्या, फाइल होती तिथे आहे, पोरगी वाचली.  मी तिच्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच सांगायला की बस, झालं, गप्प राहा.

ती उभी होती. केव्हा उठली कोण जाणे. तिनं सरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात आमच्या मराठीत म्हणाली, "ताई, आता हे बी तुमच्याच नावानं?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. ॲटलासमधली एक रेघसुद्धा मी काढलेली नव्हती, आणि बड़े बाबूंच्या पेनाखाली माझं नाव उमटत होतं. नकाशे तर तिचे गेलेच होते, आता नकाशे गेल्याची तक्रारही माझ्या खाती. आणि ती नेण्यासाठी मी किती धडपडले होते, तीन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं मला.

"क्या कह रही हैं?" सरांनी मला विचारलं. मराठी समजणारं खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मला काहीही सांगता आलं असतं. आभार मानतेय म्हटलं असतं तरी खपलं असतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगली येत होती, ती स्वतः सांगू शकली असती. पण ती थांबली होती. मी काय सांगते ते तिला ऐकायचं होतं.

"सर, कह रही है कि वह मेरा लिखा नहीं है," मी म्हटलं. शेवटचे शब्द मलाच ऐकू आले नाहीत, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "मैंने नहीं, इसने लिखा है। और नक्शे भी इसी के हैं। सब के सब।"

बड़े बाबूंचं पेन थांबलं.  सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांचा उजवा हात फायलींच्या गठ्ठ्यावर होता.

पत्र पुढे आलं. आधी इतर सगळ्यांची आली, मग मध्ये बरेच दिवस काहीच नाही, आणि मग तिचं आलं. ते मधले दिवस आमच्या घरात कसे गेले हे नवराच सांगू शकेल. पण त्या मंगळवारी यातलं काही कोणालाच ठाऊक नव्हतं, सरांनाही नसावं. त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांना लावला, जी इतकी वर्षं त्यांच्या विभागात शिकवत होती तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आपका पूरा नाम क्या है? लिखती कैसे हैं?"

ॲटलाससाठी विचारत होते की त्या फाइलसाठी, हे त्यांच्या आवाजावरून कळत नव्हतं.  तिलाही कळलं नसणारच. तिनं ओढणी सारखी केली आणि बड़े बाबूंना लिहून घेता येईल इतक्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत, आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं.